मधला ठिपका

तात्यांच्या तिथीला आई दर वर्षी मला बजावते, "छाये, आज तरी बापाबद्दल चांगलं बोल." बोलते की मी. तात्या कॅमेरा फार चांगला धरायचे. झालं. याच्या पुढचं विचारू नका, कारण विचारलंत तर मी खरं सांगणार आणि मग आई ताटावरून उठणार.

माझे वडील सावळीराम. नाशिकचं अख्खं द्वारका त्यांना तात्या म्हणायचं. घराणं माळ्याचं. आजोबा, खंडेराव काका, सगळे मखमलाबादकडच्या मळ्यात झेंडू-शेवंती लावायचे आणि टोपल्या भरून बाजारात न्यायचे. तात्यांना फुलं बघायला आवडायची, तोडायला वाकायचं मात्र जिवावर यायचं. म्हणून ते कॅमेरा शिकले आणि द्वारकेला एक गाळा घेऊन 'छाया फोटो स्टुडिओ' टाकला. मी तेव्हा पाळण्यात होते. लोकांना काय कौतुक, लेकीचं नाव दिलं म्हणून! बोर्डावर माझं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात, आणि मी आत पाय टाकला की, "ए, वायरीत पाय अडकेल, हो बाहेर."

माझा लहानपणीचा एकसुद्धा फोटो नाही. खोटं वाटेल, पण नाही. फोटोवाल्याची पोर मी! बारशाचा नाही, शाळेतला नाही, दिवाळीतला नाही. आईनं एकदा विषय काढला तर म्हणाले, "घरच्यांवर रीळ वाया घालवायचं नसतं." स्वतःचाही काढू द्यायचे नाहीत. कुणी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला की अंगावर जायचे. मला वाटायचं, माणूसच रुक्ष आहे, काय करणार. मग एकदा शेजारच्या अक्काबाईंच्या पोरीच्या लग्नात मी पंगतीत बसले होते आणि मागून आवाज आला, "बाळा, हनुवटी जरा खाली घे. हां, अस्सं. काय गोड दिसतेय गं पोर आमची!" मी वळून बघितलं तर आमचे तात्या! नवरीच्या पुढ्यात गुडघा टेकून बसलेले, तोंडात साखर घोळत होती नुसती. 'पोर आमची' म्हणे. मला कधी 'बाळा' म्हटलेलं आठवत नाही. माझ्या ताटातली जिलेबी तशीच राहिली.

आता त्या कॅमेऱ्याचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं आहे.

नव्वदच्या आसपास तात्यांचा कॅमेरा हातानं फोकस करायचा होता. भिंगाची कडी फिरवायची, चित्र जुळलं की बटण दाबायचं. हळूहळू दुसऱ्या स्टुडिओवाल्यांकडे ऑटोफोकस आलं. तात्या हसायचे. "यंत्राला काय कळतं नवरी कोण नि करवली कोण?" मग गिऱ्हाईकंच विचारायला लागली, तुमच्याकडे ऑटो आहे का. तेव्हा गुपचूप मुंबईला जाऊन घेऊन आले. दुकानदारानं त्यांना सांगितलं, ही चकती इकडे ठेवा, म्हणजे जे जवळ असेल ते कॅमेरा आपोआप पकडतो, तुम्हाला डोकं लावायचं कामच नाही. तात्यांनी डोकं लावलं नाही.

पहिलंच लग्न मालेगावचं, पॉवरलूमवाल्या मोठ्या घरातलं. अंतरपाट खाली आला, तात्यांनी बटण दाबलं. फोटो धुऊन आले तर नवरा-नवरी धुक्यात आणि अंतरपाट धरणाऱ्या भटजींचा अंगठा असा लख्ख, नखातली हळदसुद्धा मोजून घ्या! नवरीचा बाप दुकानात येऊन ओरडला, "आमची मुलगी कुठाय? हा अंगठा कुणाचा घरात लावू?" पुढे कितीतरी दिवस आसपासचे दुकानदार तात्या दिसले की अंगठा वर करून विचारायचे, "काय तात्या, बरंय ना?" मी तेव्हा पोट धरून हसले होते. कशाला खोटं बोलू.

त्या अपमानानंतर तात्यांनी नियमच करून टाकला. कॅमेऱ्यात डोळा लावला की आत ठिपके दिसायचे, मधे एक आणि आजूबाजूला बाकीचे. ज्या ठिपक्यात माणूस येईल तो स्पष्ट. तात्यांनी बाकीचे सगळे बंद केले, फक्त मधला ठेवला, आणि पाठीमागच्या बटणांवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी डकवली. कुणी हात लावायचा नाही. स्वतः ते काय करायचे, तर मधला ठिपका नवरीच्या कानावर धरायचा, बटण अर्धंच दाबायचं, म्हणजे फोकस तिथेच बांधला जातो. मग बोट तसंच ठेवून कॅमेरा मधे आणायचा आणि अंतरपाट पडेपर्यंत वाट बघायची. शेवटचं मंगलाष्टक कितीही लांबो, बोट हलायचं नाही. ते त्यांना जमायचं, मान्य आहे. म्हटलं ना, कॅमेरा चांगला धरायचे.

मग आमच्या घरात शुभांगी वहिनी आली. माझ्या भावाची, कुंदनची बायको. माहेर मालेगाव, आणि लग्नाआधी तिथल्या एका कलर लॅबमध्ये कामाला होती. गावोगावच्या फोटोवाल्यांचे रोल तिच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे कोण कुठे माती खातो हे तिला पाठ. आल्या आल्या चहा देताना म्हणाली, "तात्या, जोडीच्या फोटोला मधला ठिपका घात करतो. दोघांच्या मधे फट असते. बोट जरा सुटलं की कॅमेरा त्या फटीतून आरपार बघतो आणि मागे जो उभा असेल त्याला पकडतो. लॅबमध्ये असे ढिगानं यायचे. त्यापेक्षा बाजूचा ठिपका नवरीच्या तोंडावर ठेवावा."

तात्यांनी कप खाली ठेवला. "लॅबमध्ये फोटो धुतात. काढत नाहीत."

"धुणाऱ्यालाच डाग दिसतात, तात्या."

मी स्वयंपाकघरात उभी होते, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आजवर त्या घरात त्यांच्यापुढे कुणी हूं की चूं केलं नव्हतं. त्या दिवसापासून सासरा-सुनेचं जे जुंपलं ते जुंपलंच. ते तिला 'लॅबवाली' म्हणायचे, ती त्यांच्या चिकटपट्टीला 'तात्यांचं सोवळं'. कुंदनदादा व्हिडिओ शूटिंग करायचा. तो दोघांच्या मधे पडायचा नाही, कॅमेरा खांद्यावर टाकून बाहेर सटकायचा.

माझं लग्न ठरलं सन दोन हजार एकमध्ये. आमचे हे, योगेश, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला. मी आईला स्पष्ट सांगितलं, मला दागिन्यांत काही कमी-जास्त झालं तरी चालेल, मला एक फोटो पाहिजे. अंतरपाट खाली आलाय, हार हातात आहेत, मी ह्यांच्याकडे बघतेय, असा. लोकांच्या पोरींचे असले फोटो आमच्या दुकानाच्या काचेत लावलेले बघतच मी मोठी झाले होते. एक माझा हवा होता. आणि मनात आणखी एक होतं, ते आईला बोलले नाही. मला वाटायचं, त्या घटकेला तरी तात्या माझ्याकडे बघतील.

तर तात्या काय म्हणाले असतील? "कन्यादान खंडेरावला करू दे. मी फोटो काढतो."

आई साधी बाई, रंगूबाई नाव तिचं, जन्मात कधी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. पण त्या दिवशी लाटणं हातात घेऊन बाहेर आली. "तुमी पोरीचे बाप हाय का भाड्यानं आणलेले फोटोवाले? काकानं करायचं व्हय कन्यादान, बाप जित्ता असताना? लय झालं तुमचं. नाय जमणार!"

तात्या नाइलाजानं कन्यादानाला तयार झाले. माझ्या तर तळपायाची आग मस्तकाला गेली. लेकीचं कन्यादान दुसऱ्याच्या गळ्यात घालून हा माणूस काचेच्या मागे लपणार होता! बरं, दुसरा फोटोवाला बोलवा म्हटलं तर, "माझ्या मांडवात दुसऱ्या स्टुडिओचा माणूस? मी मेल्यावर." कुंदनदादा व्हिडिओवर. राहिली कोण? लॅबवाली.

आदल्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्यावरची जुनी पट्टी काढून नवी लावली. नखानं कडा दाबून दाबून बसवल्या आणि कॅमेरा वहिनीच्या हातात दिला. वहिनी म्हणाली, "तात्या, एवढ्या मंगलाष्टकांपुरता ठिपका बाजूला घेऊ द्या. छायाताईंच्या तोंडावर. नंतर तुम्ही परत पट्टी लावा, मी काही बोलणार नाही."

"पट्टीला हात लावलास तर परत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. दुकानाची पायरी चढायची नाही."

"आणि फोटो बिघडला तर?"

"माझ्या पद्धतीनं बिघडत नाही. बोट धरून ठेवायचं, बस."

मी मेंदीचे हात घेऊन तिथेच बसले होते. मी म्हणाले, "तात्या, फोटो माझा आहे. वहिनी म्हणते तसं करू द्या ना." त्यांनी माझ्याकडे न बघता कॅमेऱ्याची बॅग बंद केली आणि म्हणाले, "तू नवरी आहेस, नवरीसारखी राहा."

लग्नाला नाशिकरोडचं कार्यालय घेतलं होतं. मामाच्या पिवळ्या साडीत मी पाटावर उभी, पाठीशी सोमा मामा, पुढ्यात अंतरपाट. मला पांढऱ्या कापडाशिवाय काही दिसत नव्हतं. एका बाजूला वहिनी कॅमेरा लावून उभी आणि तिच्या बरोबर समोर, पलीकडच्या बाजूला, पाहुण्यांच्या पुढे तात्या. म्हणजे मी इकडे, हे तिकडे, आणि आमच्या मधल्या फटीतून वहिनी नि तात्या एकमेकांना समोरासमोर.

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं. वहिनीनं मला नंतर सगळं सांगितलं. तिनं तात्यांच्या पद्धतीनंच केलं होतं. माझ्या कानावर ठिपका धरला, बटण अर्धं दाबलं, कॅमेरा मधे आणला आणि बोट आवळून उभी राहिली. अक्षतांचा मारा चाललेला. आमच्याकडची माणसं अक्षता टाकत नाहीत, फेकून मारतात. त्यातले काही दाणे कॅमेऱ्याच्या पाठीवर, डोळा लावतात तिथेच अडकले. तिला दिसेना, म्हणून तिनं डाव्या अंगठ्यानं ते झटकले.

इकडे मला कापडाआडून फक्त आवाज आला. भटजींचा सूर टिपेला पोचलेला आणि त्याच्यावरून तात्या खेकसले, "शुभांगी! पट्टी!"

सगळा मांडव हसला. वऱ्हाडाला वाटलं, लग्नातलीच काहीतरी गंमत. वहिनी दचकली, तिचं बोट सुटलं. तेवढ्यात अंतरपाट खाली गेला, बँड वाजायला लागला, तिनं घाईत पुन्हा बटण दाबलं. फ्लॅश पडला. दुसरा फोटो घ्यायला फ्लॅश परत भरेपर्यंत सोमा मामा, करवल्या, हार, गर्दी, सगळं पुढ्यात आलं. दुसऱ्यांच्या लग्नात तात्या सरळ ओरडायचे, हार काढा, परत घाला. इथे कोण ओरडणार? रोल धुतल्याशिवाय कुणाला काय कळतंय?

मी मात्र खुशीत होते. ह्यांच्याकडे बघत होते, आणि मनात म्हणत होते, ओरडले तर ओरडले, पण कापड पडल्यावर बापानं आपल्याला डोळे भरून बघितलंच असणार. खरंच सांगते, तेवढ्या समाधानावर मी सासरी गेले.

मांडवपरतणीला माहेरी आले तर फोटो आलेले होते. मी चप्पल न काढताच दुकानात शिरले. त्या दिवशी मला कुणी बाहेर हो म्हणालं नाही. काउंटरवर फोटो पसरलेले, तात्या खुर्चीत, वहिनी भिंतीला टेकून उभी. 'तो' फोटो सगळ्यात वर होता.

डावीकडे एक पिवळा डाग. ती मी. उजवीकडे एक फेटा घातलेला डाग. ते आमचे हे. आणि दोघांच्या मधे तात्या! काय सांगू तुम्हाला, मिशीचा केस न् केस मोजावा. कपाळावरचं गंध, टोपीवर अडकलेला अक्षतेचा दाणा, दाबून धरलेला जबडा, सगळं कसं स्वच्छ. आणि डोळे वटारलेले. माझ्याकडे नाही. कॅमेऱ्याकडे.

"वाटोळं केलंस पोरीच्या फोटोचं," तात्या वहिनीला म्हणाले.

वहिनीनं कॅमेरा उचलून त्यांच्या पुढ्यात उलटा ठेवला. "ही तुमची पट्टी, शाबूत आहे. ठिपका तुमचा, ओरडलात तुम्ही, फोटोतही तुम्हीच. मी निस्तं बटण दाबलं. हा फोटो तुमचा आहे, तात्या."

ते उत्तर द्यायला उठले, पण मी मधे पडले. तो फोटो त्यांच्या नाकासमोर धरला. "फोटोचं मरू दे. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत? अंतरपाट पडला तेव्हा तुमची लेक इथे उभी होती, आणि तुम्ही तिकडे बघत होतात?"

तात्या म्हणाले, "बघणार कसा? ती पट्टीला हात लावत होती. तुझा फोटो बिघडला असता."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. "बिघडला की! बिघडला नाही का? आणि बिघडला असता तर बिघडला असता, मेला फोटो! तुम्ही बघायचं होतं!" एवढं बोलून मी जी निघाले ती आईनं केलेल्या पुरणपोळीलासुद्धा शिवले नाही.

त्यानंतर माहेरी मी जायचे, पण दुकानात नाही. तात्या घरी असले की मी आत, ते आत आले की मी बाहेर. अल्बममध्ये त्यांनी त्या फोटोची जागा मोकळी सोडली होती. दुसरा काही लावला नाही, आणि तोही लावला नाही. पुढच्या लग्नसराईत कुंदनदादाचा फोन आला. म्हणाला, "छाये, तात्यांनी पट्टी काढून टाकली. कॅमेऱ्यावर नुसता चिकट डाग राहिलाय. तुझ्या वहिनीला म्हणाले, तुला पाहिजे तो ठिपका घे."

"मग मी काय करू? पेढे वाटू?" मी म्हणाले आणि फोन ठेवला. माझं लग्न काय परत लागणार होतं?

दोन हजार सहाला तात्या गेले. सकाळी चहा पिता पिता अटॅक आला आणि संपलं. दहाव्याला, पेपरात द्यायला फोटो पाहिजे म्हणून घरातली सगळी कपाटं उपसली. हजारो लोकांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा घरात एक फोटो नाही! ओळखपत्रावरचा होता, त्यात ते आहेत का आणखी कुणी हेच कळत नव्हतं. वहिनी हळूच मला बाजूला घेऊन म्हणाली, "छायाताई, एकच आहे. निगेटिव्ह माझ्याकडे आहे. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी त्याला कात्री लावणार नाही."

मी म्हणाले, "काप."

तोवर दुकान तीच सांभाळत होती, कॉम्प्युटर आला होता. तिनं दोन्हीकडचे डाग काढून मधले तात्या मोठे केले. पण डाव्या खांद्याशी थोडं पिवळं राहिलंच. ती ते पुसायला निघाली तर मी तिचा हात धरला. म्हटलं, राहू दे. माझा त्यांच्याबरोबरचा तेवढाच फोटो आहे.

तो आता दुकानात काउंटरच्या वर लावलाय, चंदनाचा हार घालून. पासपोर्ट फोटोला येणारी पोरं घाबरतात. गिऱ्हाईकं विचारतात, "आजोबा रागावलेत का?" आणि, "हे कोपऱ्यात पिवळं काय आहे?" वहिनी सांगते, झेंडू असेल, माळ्याचं घर आहे.

मी हल्ली दुकानात जाते. आईला सांगत नाही. दुपारी वहिनी जेवायला घरी जाते तेव्हा मी गाळ्यात एकटी असते. फोटोत कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या माणसाचं एक असतं, तुम्ही कुठेही उभे राहा, तो तुमच्याकडेच बघतो. मी दाराशी उभी राहते, तात्या माझ्याकडे बघतात. काउंटरच्या मागे जाते, तिथेही बघतात. खुर्ची ओढून बरोबर समोर बसते आणि म्हणते, बघा. आता बघा ना, बघत बसा. मला कुठे जायचंय?